घरमालकांच्या नावाची वावडी

आपल्याविषयी लोक काय बोलतात याची आमच्या सोलापूरच्या घरमालकांइतकी काळजी वाहणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. गंमत अशी की निम्म्या सोलापूरला हे गृहस्थ कोण हेच ठाऊक नव्हतं, आणि उरलेलं निम्मं त्यांना 'कोमातले' म्हणून ओळखत होतं. घरमालक नट होते. टीव्हीवरच्या एका मालिकेत त्यांना नायिकेच्या काकांचं काम मिळालं होतं. पहिले काही भाग ते तावातावाने बोलले. मग लेखकाला त्या काकांचं पुढे काय करावं ते सुचेना, म्हणून त्याने त्यांची गाडी झाडावर आदळवली, आणि मालिका संपेपर्यंत घरमालक नाकात नळी घालून खाटेवर पडून राहिले. पण दिसले मात्र रोज. मंडईत एखादी बाई कोथिंबिरीची जुडी हातात धरून त्यांना निरखायची आणि म्हणायची, "अगं बया, तुमी ते कोमातले न्हवं का? आता बरं हाय न्हवं?" घरमालक कृतार्थ व्हायचे. घरी आल्यावर मला वरच्या मजल्यावरून खाली बोलावून सांगायचे, "डोळे मिटून काम करणं लई अवघड असतंय. नटाचं सगळं भांडवल डोळ्यांत. ते मिटल्यावर उरतंय काय? श्वास! मी नुसत्या श्वासावर मालिका ओढली की."

मी बँकेच्या बदलीने सोलापूरला आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो, म्हणून हा श्वास मला जवळून ऐकायला मिळाला. खाली ते आणि त्यांची विधवा बहीण राहत. बहीण कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीला दिलेली. नवरा गेल्यावर लहानग्या मुलीला घेऊन ती भावाकडे आली ती कायमची. मुलीला घरमालकांनीच वाढवलं, शिकवलं, आणि ती पुण्याला नोकरीला लागली. स्वतः त्यांनी लग्न केलं नव्हतं. आणि सगळी भानगड नेमकी इथेच होती. घरमालकांचा सिद्धांत असा होता, की नटाने चाळिशीपर्यंत लग्न केलं नाही तर लोक त्याच्या नावाने एक ठरावीक वावडी उठवतातच. कोणती, ते ते तोंडाने म्हणत नसत. नुसता उजवा हात हवेत वाकडा फिरवून "तसली" एवढंच म्हणत.

ही वावडी आपल्या नावाने उठू नये म्हणून त्यांनी जो बंदोबस्त ठेवला होता तो मिरवणुकीतसुद्धा नसतो. कोणाही पुरुषाबरोबर फोटो काढताना मध्ये माणूसभर जागा सोडत. फोटोवाला "जरा सरका की जवळ" म्हणाला, तर "आधी मधी एक ताई उभी करा" म्हणत. मंद्रूपच्या बाजारात एका मिक्सरच्या दुकानाचं उद्घाटन करायला गेले, तर आनंदाच्या भरात दुकानदाराने त्यांना कडकडून मिठी मारली. घरमालक दोन्ही हात वर करून उभे, पोलिसांनी पिस्तूल रोखल्यासारखे, आणि जमलेल्या लोकांना ओरडून सांगतायत, "त्यांनी धरलंय, मी न्हाय!" बहिणीने हौसेने आणलेला गुलाबी सदरा त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकला. मुंबईत चित्रीकरणाच्या वेळी दुसऱ्या नटाबरोबर एका खोलीत राहायची पाळी आली, तर हे दार सताड उघडं टाकून झोपले. सकाळी दोघांचेही बूट नाहीसे. "बूट गेले तर जाऊ देत, नाव ऱ्हायलं," असं त्यांनी मला अनवाणी उभं राहून दाखवत सांगितलं होतं. शिवाय सांगोल्याकडची एक मोडलेली सोयरीक होती. मुलगी डाळिंबाच्या बागेत त्यांना बघून लाजली होती म्हणे. ही गोष्ट ते न विचारता सांगत, आणि दर खेपेला ती मुलगी थोडी जास्त लाजत असे.

मग एका उन्हाळ्यात भाची रजा घेऊन घरी आली. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी घरमालक माझ्याकडे वर आले. एरवी ते मला खाली बोलावत. स्वतः जिना चढून आलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"एक सीन आहे," ते खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाले. "मामाचं काम आहे. भाची येते. म्हणते, मामा, मला मुली आवडतात. पुण्यात माझ्यासंगट राहती ती नुसती मैत्रीण न्हाय. आता मामानं काय म्हणायचं?"

मी विचार करून म्हणालो, "मामा कसा आहे त्यावर आहे."

"घाबरट आहे हो मामा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की हा सीन नव्हता.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"संवादच सुचंना. 'जेवलीस का' म्हणलो. ती न्हाय म्हणली. मग भाकरी वाढली तिला. आई तिची आत रडत बसलेली, म्हणून मीच वाढली. पोरगी खाता खाता हसाय लागली, मग रडाय लागली. मला काय कळंना, म्हणून मी आणखी एक वाढली."

बहीण पुढे बरेच दिवस कोणाशी धड बोलली नाही. दुधनीचे लोक काय म्हणतील, एवढं एकच ती कानडीत आणि मराठीत आळीपाळीने म्हणत राही. घरमालक तिला समजावत, "अक्का, लोकांचं मी बघतो. लोकं माझा विषय हाय." जन्मभर ज्या लोकांना ते भीत आले, त्यांनाच त्यांनी आता अंगावर घेतलं होतं. भाचीने आपला नि आपल्या मैत्रिणीचा फोटो सगळ्यांना दिसेल असा टाकला, आणि तो सोलापुरात यायला काही वेळ लागला नाही. दुकानात, बँकेत, अगदी माझ्या काउंटरसमोरही कुजबुज सुरू झाली. भाची तसली आणि मामा बिनलग्नाचा. लोकांना आणखी काय हवं?

तेवढ्यात गणपतीच्या दिवसांत एका मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. सत्कार झाल्यावर मोबाइलवर बातम्या दाखवणारा एक तरुण माइक घेऊन पुढे आला. मी आणि भाची पहिल्या रांगेत होतो. सुरुवातीला त्याने कोमाबद्दल विचारलं. मग हसत हसत म्हणाला, "सर, तुमच्या घरातलं एक प्रकरण गाजतंय. आणि तुम्हीबी लग्न केलं नाही. लोक काहीबाही बोलायलेत. एकदाच सांगून टाका की, तुम्ही तसले नाही म्हणून."

'नाही.' एवढंच म्हणायचं होतं. त्या एका शब्दासाठी या माणसाने जन्मभर फोटोत जागा सोडली होती आणि बूट घालवले होते. मला वाटलं, आता सांगोल्याची ती लाजरी मुलगी येणार. घरमालकांनी माइक हातात घेतला आणि भाचीकडे पाहिलं.

"सांगणार न्हाय," ते म्हणाले.

"म्हणजे, सर?"

"न्हाय म्हणलो तर ती शिवी हाय असं हुईल की. आणि माझी पोरगी समोर बसून ऐकायली. माझ्याबद्दल काय समजायचं ते समजा. ती मात्र लई गुणाची हाय. लिहून घ्या. आता पुढचा प्रश्न."

पुढचा प्रश्न नव्हताच. मागे कोणीतरी शिट्टी मारली, कोणी हसलं. एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र टाळी वाजवली, आणि ती एकटीच वाजत राहिली. भाची उठून मंचावर गेली आणि सगळ्यांच्या देखत मामाच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली.

वावडी उठायची ती उठलीच. दुकानांची उद्घाटनं हळूहळू बंद झाली. एका लग्नाचं सूत्रसंचालन ऐनवेळी दुसऱ्याकडे गेलं. मी हळहळलो, तर म्हणाले, "आवो, इतकी वर्षं ती वावडी येईल येईल म्हणून जागा ऱ्हायलो. आता आली. येऊन गेली. मला झोप लागाय लागली की." आणि खरंच त्यांचा चेहरा उजळला होता. बहिणीला वेळ लागला. पण दिवाळीत भाची मैत्रिणीला घेऊन आली तेव्हा तिने दोघींना शेजारी बसवून उटणं लावलं, आणि त्या परक्या पोरीला दुधनीच्या नातेवाइकांची सगळी गाऱ्हाणी कानडीतून ऐकवली. पोरीला एक अक्षर कळत नव्हतं. ती मान डोलवत होती.

भाऊबीज झाल्यावर त्या दोघी पुण्याला निघाल्या. घरमालकांबरोबर मीही एसटी स्टँडवर गेलो. गाडी हलली. खिडकीतून दोन हात बाहेर आले आणि एकमेकांत गुंफलेले तसेच हलत राहिले. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी घरमालक तिकडेच पाहत उभे होते. मग माझ्याकडे न बघता, हलक्या आवाजात म्हणाले, "आमच्या येळेला असा मामा न्हवता हो कुणी."

स्टँडबाहेरच्या गाड्यावर आम्ही दोघांनी चहा घेतला आणि चालत घरी आलो.