टोकावर उभा मुरब्बा

निजामाच्या राज्यातली शेवटची सहा-सात वर्षं आम्ही नळदुर्गात काढली. यजमान करोडगिरी नाक्यावर कारकून होते. सोलापूरकडून येणाऱ्या मालावर तिथं सरकारी जकात घेत. आम्हाला तेव्हा मूलबाळ नव्हतं. माझे वडील तहसील कचेरीत नोकरीला होते आणि त्यांनी मला लहानपणी हौसेनं उर्दू लिहायला-वाचायला शिकवलं होतं. गावातल्या मुलींच्या शाळेला उर्दू आणि मराठी दोन्ही येणारी बाई हवी होती. अशी मी एकटीच निघाले, म्हणून नेमणूक झाली. शिकवण्याची ओढ वगैरे काही नव्हती. दुपार जात नसे, एवढंच.

शाळा म्हणजे भाड्याच्या घरातल्या दोन खोल्या. काही मुली पडद्यातल्या घरच्या, म्हणून दाराला गोणपाट लावलेलं. तीस-बत्तीस मुली, हिंदूंच्याही आणि मुसलमानांच्याही. एका खोलीत मी आणि दुसऱ्या खोलीत शाळेच्या थोरल्या शिक्षिका. त्यांना सगळे आपा म्हणत, मीही म्हणू लागले. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, उंच, कमी बोलणाऱ्या. उर्दू वाचन आणि शिवणकाम त्यांच्याकडं, मराठी अक्षरं आणि हिशेब माझ्याकडं.

दुसऱ्या वर्षी वरून हुकूम आला की तिसरीच्या मुलींना हिंदसा शिकवावा. हिंदसा म्हणजे भूमिती. सोबत एक पातळ उर्दू पुस्तक आलं. आपांनी ते चाळलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. आकडे तुमच्याकडं आहेत तर हेही तुमच्याकडंच राहू द्या, म्हणाल्या. मी भूमिती कधी शिकले नव्हते. आज रात्री वाचायचं आणि उद्या शिकवायचं, असा क्रम सुरू झाला.

पहिला धडा नुकत्याचा, म्हणजे बिंदूचा. ज्याला लांबी नाही, रुंदी नाही तो नुकता, असं पुस्तकात होतं. मी ते वाचून दाखवलं आणि फळ्यावर खडूनं ठिपका दिला. एका मुलीनं विचारलं, लांबी-रुंदी काहीच न्हाय तर मग दिसायला कसा लागला? मी तिला खाली बसायला सांगितलं. पुढं ओळीनं शब्द आले. खत म्हणजे रेषा, जाविया म्हणजे कोन, मुसल्लस म्हणजे त्रिकोण, दायरा म्हणजे वर्तुळ. चौरसाला मुरब्बा. मुरब्बा म्हटल्यावर वर्ग हसू लागला, कारण मुलींच्या घरी मुरब्बा बरणीत असायचा. मी हसू दिलं नाही.

तीन आठवड्यांत सगळ्या व्याख्या पाठ झाल्या. माझी मीच खूश होते. मग एक दिवस मी सहज म्हणाले, या खोलीत मुसल्लस कुठं आहे ते दाखवा. कुणी उठलं नाही. वर छपराला लाकडाची तीनकोनी कैची होती, तिच्याखालीच आम्ही बसलो होतो. बऱ्याच वेळानं एक मुलगी उठली आणि तिनं पुस्तक उघडून त्यातल्या चित्रावर बोट ठेवलं.

मधली भिंत कमरेएवढीच होती. आपांना पलीकडून सगळं दिसत असे. दुसऱ्या दिवशी शिवणाच्या तासाला त्यांनी माझ्या मुलींनाही आपल्या खोलीत बसवलं आणि मला म्हणाल्या, तुम्हीपण बसा. त्यांनी रद्दी कागदाचा एक फाटका तुकडा घेतला, त्याला कुठलीच कड सरळ नव्हती. तो कसाही एकदा दुमडला. घडीची कड सरळ आली. मग ती कड तिच्यावरच पडेल असा पुन्हा दुमडला. कोपरा तयार झाला. तो कोपरा त्यांनी पुस्तकाच्या कोपऱ्याला लावला, तंतोतंत बसला. पट्टी नाही, पेन्सिल नाही. मी पुस्तकातून जो काटकोन शिकवत होते तो हाच, हे मला तेव्हा कळलं. आपांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं. त्या त्याला नुसतं घडी म्हणत.

मुलींनी त्या दुपारी आपापली घडी केली. पुढचे आठ-दहा दिवस त्या दिसेल त्या कोपऱ्याला ती लावून पाहत होत्या. पाटी, पेटी, कोनाडा, देवळाची पायरी, मशिदीच्या हौदाचा काठ. आमच्या शाळेच्या दाराची चौकट वाकडी आहे असा शोध लागला आणि घरमालकाला तो एका मुलीनं जाऊन सांगितलासुद्धा. तो रागावला नाही, पण दुरुस्तही केली नाही.

मग आपा सदऱ्याकडं वळल्या. सदरा उसवून त्यांनी त्याचे तुकडे जमिनीवर मांडले. पुढचा-मागचा भाग लांबट चौकोन, बाजूच्या कळ्या तीन कोनांच्या, आणि बगलेत बसवायचा एक छोटा चौरस तुकडा, त्याला चौबगला म्हणतात. तो नसला तर हात वर केल्यावर कापड फाटतं. कागदाचा चौबगला कसा कापायचा तेही त्यांनी दाखवलं. काटकोनाच्या कोपऱ्यातून तिरकी घडी घालायची, कडेवर कड आणायची, बाहेर उरलेली पट्टी कापून टाकायची. उलगडला की चारी बाजू सारख्या. मी त्याला मुरब्बा हा शब्द जोडून दिला. या वेळी कुणी हसलं नाही.

पहिल्या दिवशी नुकत्याचा प्रश्न विचारणारी मुलगी या कामात सगळ्यांच्या पुढं होती. आठ-नऊ वर्षांची, रुंद कपाळाची, जरा घोगऱ्या आवाजाची. बाप शेती करी, आई गावाचे सदरे-कुडते शिवी. चौबगले तिनं घरी शेकड्यांनी पाहिले होते. सदऱ्यात तो एका टोकावर उभा बसतो, म्हणून तिच्या लेखी मुरब्ब्याची ती साधी बैठक होती. पुस्तकातला मुरब्बा पाट मांडल्यासारखा आडवा होता. दोन्ही एकच, हे तिला सांगावं लागलं नाही आणि इतरांना सांगायचं माझ्या ध्यानात आलं नाही.

हिवाळ्यात तपासणीस बाई आल्या. मुलींच्या शाळा बघायला सरकारनं नेमलेल्या, हैदराबादेत शिकलेल्या. रस्त्यात त्यांच्या मोटारीचं चाक पंक्चर झालं होतं आणि त्यांना अजून दोन गावं गाठायची होती. स्वभावानं त्या वाईट होत्या असं मला तेव्हाही वाटलं नाही. वाचन ऐकलं, पाढे ऐकले, मान डोलावली. मग हिंदसा. त्यांनी मुसल्लस विचारला, तो एकीनं काढला. मुरब्बा विचारला, तेव्हा ती घोगऱ्या आवाजाची मुलगी उठली. फळ्यावर हातानं सरळ रेघा येत नाहीत म्हणून तिनं फळीवर ठेवलेला कागदाचा चौबगला घेतला, त्याचं वरचं टोक चिमटीत धरलं, फळ्याला लावला आणि कडेनं खडू फिरवला. फळ्यावर टोकावर उभा चौरस आला.

तपासणीस बाई म्हणाल्या, हा मुरब्बा नाही, हा मुअय्यन झाला. चारी बाजू सारख्या पण कोपरे कललेले, अशा आकृतीला पुस्तकात मुअय्यन म्हटलं होतं आणि तिथं चित्र असंच टोकावर उभं होतं. मुरब्बा काढ, त्या पुन्हा म्हणाल्या.

मुलगी हलली नाही. तिनं झग्याच्या खिशातून आपली घडी काढली आणि फळ्यावरच्या एकेका कोपऱ्यात बसवून दाखवली. चारही ठिकाणी बसली. मग ती त्यांच्याकडं वळून हळू म्हणाली, "चारी कोपरे बसतेत की, बाई."

तपासणीस बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मला उत्तर माहीत होतं. एवढंच म्हणायचं होतं की मुलीचं बरोबर आहे, पाटी फिरवली म्हणून आकृती बदलत नाही. पण माझी नेमणूक अजून कायम झालेली नव्हती, आणि पुस्तक त्यांचं होतं, माझं नव्हतं. मी म्हणाले, "चुकली ती. मी दुरुस्त करून घेईन."

पलीकडून आपा भिंतीपाशी आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "मुरब्बाच हाय, साहिबा. मी रोज कापते."

शिवणाचा तास वेगळा आणि हिंदशाचा वेगळा, असं तपासणीस बाईंनी उत्तर दिलं. तपासणी वहीत शेरा पडला की गणित समाधानकारक, हिंदसा पुस्तकाप्रमाणं शिकवला जात नाही, आणि थोरल्या शिक्षिकेनं दुसऱ्याच्या विषयात बोलू नये. सही करून त्या निघून गेल्या. आपांनी तो शेरा वाचला, वही कपाटात ठेवली आणि सुया-दोरे मोजून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती केली. फळ्यावर आडवा मुरब्बा काढला आणि हा असाच काढायचा, म्हणून बजावलं. त्या मुलीनं पाटीवर तसाच काढला, सुबक. त्यानंतर जेव्हा जेव्हा सांगितलं तेव्हा तसाच काढला. वाद नाही, प्रश्न नाही. घडी तिनं खिशात ठेवणं सोडलं. इतर मुलींनीही हळूहळू सोडलं. वर्ग आता शांत चालत असे, आणि तपासणीस बाई पुन्हा आल्या असत्या तर शेरा चांगला पडला असता.

हे मला सलू लागलं, पण लगेच नाही. आठ-पंधरा दिवस गेले. यजमानांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, वरच्यांशी वाद कशाला, नाक्यावर आम्ही रोज असं गिळतो. त्यांचं चूक नव्हतं. एका दुपारी शाळा सुटल्यावर मी आपांना विचारलं की तुम्ही त्या दिवशी का बोललात, शेरा तुमच्या नावावर पडला. त्या कात्रीला तेल लावत होत्या. त्या म्हणाल्या, "मी नसते बोलले तर ती पोर घरी जाऊन आईला सांगणार, की चौबगला चुकीचा कापतेस. आई पण मानणार. शाळेत शिकली ना पोर."

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर मला काही बचाव करता आला असता.

पुढच्या सोमवारी मी वर्गात एका पाटीवर आडवा मुरब्बा काढला, पाटी उचलली आणि सगळ्यांसमोर सावकाश फिरवली, टोक खाली येईपर्यंत. विचारलं, आता हा काय? बहुतेक जणी म्हणाल्या, मुअय्यन. मी पाटी परत फिरवली. मुरब्बा. पुन्हा फिरवली. चौथ्या-पाचव्या वेळी आवाज बंद पडले. मग मी सांगितलं की दोन्ही मुरब्बाच आहेत, तपासणीच्या दिवशी फळ्यावर काढलेला बरोबर होता आणि मी त्याला चूक म्हटलं ते चूक होतं.

ती मुलगी तिसऱ्या ओळीत होती. तिनं वर पाहिलं. "तुमाला तवा ठाव व्हतं का, बाई?"

"ठाऊक होतं."

"मग?"

"भ्याले," मी म्हणाले.

तिनं थोडा विचार केला आणि मान हलवली. मला वाटलं होतं ती काही बोलेल, निदान तिच्या तोंडावर काही दिसेल. तिनं पाटी पुसली आणि पुढचं काय काढायचं ते विचारलं. मी दायरा सांगितला. तिनं दोऱ्याला खडू बांधला आणि शेजारणीला मधलं टोक दाबून धरायला सांगितलं.

पुढच्या वर्षी तिची आई तिचं नाव काढायला आली. घरी शिवणाचं काम वाढलं होतं आणि मुलगीही आता मोठी दिसू लागली होती. अजून एक वर्ष राहू द्या, असं मी म्हणाले. आई म्हणाली, वाचता आलं, मोजता आलं, आता बस्स झालं. मी आग्रह धरला नाही. तेव्हा तसा आग्रह कुणी धरत नसे. पुढं तिला अणदुराकडं दिल्याचं कानावर आलं. त्यानंतरचं मला माहीत नाही.

मग राज्य बदललं. त्या दिवसांत गावात भीती होती आणि काही आठवडे शाळा बंद राहिली. उघडली तेव्हा अकराच मुली आल्या. पुस्तकं मराठी झाली. मुसल्लसचा त्रिकोण झाला, दायऱ्याचं वर्तुळ, मुरब्ब्याचा चौरस. मुली काही महिने दोन्ही शब्द बोलत, मग नवेच राहिले. उर्दूचे तास कमी झाले आणि शिवणाचा तास वेळापत्रकातून गेला. आपा हैदराबादेला भावाकडं निघाल्या. सामान थोडंच होतं. जाताना त्यांनी कापड बेतायच्या कागदी कापांची जुडी मला दिली, सदऱ्याची, कुडत्याची, लहान मुलांच्या झबल्याची. मला शिवण येत नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. मी त्यांना पत्रं पाठवली. एकच उत्तर आलं, चार ओळींचं. प्रकृती बरी आहे, भावाची मुलं हुशार आहेत, इतकंच.

करोडगिरी नाका बंद झाल्यावर यजमानांची बदली झाली आणि मला तेरच्या शाळेत जागा मिळाली. तिथं मी भूमितीचं पुस्तक पहिला महिना उघडत नसे. वर्गात आम्ही कागद दुमडायचो, आणि वर्तुळाचा धडा आला की मुलींना तेरणेच्या वाळूत खुंटी आणि दोरी घेऊन नेत असे. दोरी लांब केली की वर्तुळ मोठं होतं, हे त्या सांगण्याआधीच करून बसायच्या. नदीला पाणी आलं की दोन-अडीच महिने ते बंद ठेवावं लागे.