अक्कांचं काकण

अक्कांनी मला कधी नमस्कार केला नाही. सकाळी मी वॉर्डात शिरले, की त्या उजवा हात पुढे करायच्या आणि त्यातलं एकुलतं एक हिरवं काकण वर सरकवायच्या. ते अडेल तिथे बोट ठेवायच्या. "बघ डाक्टर, आज हितवर आलं. कागद मागनं बघ, आदी हात बघ."

अक्का तासगावच्या. सारा जन्म बेदाण्याच्या शेडवर माल निवडण्यात गेलेला. औषधाच्या गोळ्यासुद्धा लहान-मोठ्या वेगळ्या करून ठेवायच्या. "एका ढिगात ठिवलं की लबाडी लपतीया," म्हणायच्या. त्यांचं यकृत निकामी झालं होतं आणि सांगलीच्या आमच्या रुग्णालयातून प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलं होतं. पोट पाण्यानं फुगलेलं, हातांच्या मात्र काटक्या. मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर. त्यांची मूत्रपिंडं कशी चालली आहेत, हे दर सोमवारी तपासून कळवायचं काम माझं. ती बिघडली तर थांबायला वेळ उरणार नव्हता, आणि म्हणून यादीत नावही वर जाणार होतं.

"लघवी लय कमी झालीया गं," एका सोमवारी त्या म्हणाल्या.

मी रक्ताचा रिपोर्ट दाखवला. मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा झकास होता. "मूत्रपिंडं ठणठणीत आहेत, अक्का. तुम्हीच सगळी लघवी मोजायच्या बाटलीत धरत नसाल."

त्यांना ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक वेळी त्या भिंतीला धरत बाटली घेऊन नर्सच्या टेबलापर्यंत जायला लागल्या. "तुमच्या म्होरं ठिवलीया. मोजा." मला हसू आलं. "अक्का, बेदाण्याची निवड तुम्ही करा, रोगाचं निदान मला करू द्या," असं मी सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले. वॉर्ड हसला. अक्काही हसल्या, थोड्या उशिरानं.

असे तीन सोमवार गेले. चौथ्या सोमवारी आमचे मोठे सर आले. त्यांनी रिपोर्ट उघडलाच नाही. अक्कांचं मनगट हातात घेतलं आणि मला विचारलं, "यांच्या अंगात स्नायू कुठे आहेत?"

क्रिएटिनिन स्नायूंतून रक्तात येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. स्नायूच झडले, तर मूत्रपिंडं बुडत असतानाही आकडा चांगला दिसतो. हे उत्तर लिहून मी परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. सरांनी स्नायूंवर अवलंबून नसलेली दुसरी चाचणी करून घेतली. मूत्रपिंडं जवळजवळ गेलेली होती. अक्कांचं नाव वर सरकलं, पण शस्त्रक्रिया सोसण्याइतका दम आता त्यांच्यात नव्हता.

हे सांगायला मी दुपारी त्यांच्याकडे गेले. ऐकून त्या म्हणाल्या, "मीच आदी बोलाय पायजे हुतं, न्हवं? तू तर ल्हान हायस. तुला काय ठावं आसणार?"

तीन आठवडे त्या रोज बोलत होत्या. मला एवढंच म्हणायचं होतं, की अक्का, तुम्ही बोललात, मी ऐकलं नाही. माझ्या तोंडून निघालं, "हो, थोडं आधी सांगितलं असतं तर..."

अक्कांनी मान हलवली. कोपराजवळ अडकलेलं काकण मनगटावर उतरवलं. पुढचे तीन दिवस सकाळी त्यांनी हात पुढे केला नाही. चौथ्या दिवशी त्या गेल्या, चूक आपलीच होती असं समजून.