मिनिटरावांचा एक तास

कालव्याच्या पुलापाशी मिनिटरावांची कोणी बाई आहे, ही कुजबूज आमच्या सूतगिरणीत पहिल्यांदा कुणी सोडली, हे मला पक्कं ठाऊक आहे. नाव सांगत नाही. आरोपी अजून जिवंत आहे आणि सध्या हेच लिहीत बसला आहे.

मिनिटराव हे त्यांचं घरचं नाव नव्हे. ते गिरणीचे टाइमकीपर. फाटकाला लागून काचेची खिडकी असलेली एक खोली, खोलीत एक उंच खुर्ची आणि खुर्चीत हे. समोर हजेरीचं रजिस्टर, हातात लाल पेन. आठचा भोंगा थांबला आणि तुमचा एक पाय फाटकाबाहेर राहिला, की नावाभोवती लाल गोल. त्या गोलात उशिराची मिनिटं लिहिताना त्यांच्या तोंडावर जे समाधान दिसायचं, ते मी पोटभर जेवलेल्या माणसाच्या तोंडावरही पाहिलेलं नाही.

एकदा पिंजण खात्यातला एकजण धावतपळत आला. रात्रभर बायको दवाखान्यात.

"काय झालं?" मिनिटरावांनी विचारलं.

"मुलगी झाली साहेब."

"वा, अभिनंदन. एक तास अकरा मिनिटं."

कुणी बस चुकल्याचं सांगो, कुणी म्हातारी आजारी असल्याचं, मिनिटरावांचं उत्तर एकच. "सायकल घ्या, सायकल! वीस मिनिटांचा रस्ता आहे." स्वतः मात्र ते कंपनीच्या बसने यायचे, तेही ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, जी त्यांच्याशिवाय कुणी घेत नसे. आणि बसमध्ये बसून वीस वर्षं आम्हाला काय ऐकवायचे? तर आपण तरुणपणी सायकल कशी मारायचो. पुढे दांडीवर धाकटा भाऊ, मागे कॅरियरवर बहीण, आणि दोन्ही हात सोडून हे डोंगर उतरताहेत. दर वर्षी डोंगर थोडा वाढायचा. शेवटी शेवटी तर मागे बहिणीबरोबर तिची ट्रंकही बसायला लागली होती.

आणि मग मालकांनी बस बंद केली.

बंद झाल्याची नोटीस मिनिटरावांनीच टाइप केली. सवयीने खाली एक ओळ आपल्या पदरची घातली: 'वसाहतीपासून गिरणीपर्यंत सायकलने वीस मिनिटे लागतात. उशिराची कोणतीही सबब ऐकली जाणार नाही.' नोटीस लावून मागे वळले, तर अख्खं खातं त्यांच्याकडे बघत उभं. ड्रायव्हरशेजारची सीट तर त्यांचीही गेली होती.

"साहेब, आता तुमचा डोंगर बघायला मिळणार म्हणायचा," आमचा वजनकाटेवाला म्हणाला. या माणसाची जीभ त्याच्या काट्यापेक्षा हलकी.

मिनिटरावांनी त्याच रविवारी सायकल घेतली. काळी, चकचकीत, घंटा, दिवा, मागे कॅरियर, विजारीच्या पायाला लावायच्या स्टीलच्या क्लिपा. सोमवारी आम्ही साडेसातलाच फाटकाशी जमलो. सात पस्तीसला कोपऱ्यावरून मिनिटराव आले. सायकल हातात धरून, ताठ मानेने, चालत. आमची निराशा झाली. पण बोलायची सोय नव्हती. 'फाटकापासून पन्नास पावलांवर सायकलवरून उतरावे,' ही पाटी त्यांनीच दहा वर्षांपूर्वी लावून घेतली होती, आणि त्या पाटीवरून कित्येकांना गोलही दिले होते. संध्याकाळी रजिस्टर बंद करून ते सगळ्यांच्या मागून निघायचे. घराची गल्ली तर इतकी अरुंद, की तिथे सायकल सगळेच हातात धरून नेत.

"कशी काय आहे गाडी?" फोरमनने विचारलं.

"लोणी आहे हो, लोणी."

त्या दिवसापासून कँटीनमध्ये आमचा छळ सुरू झाला. पेडल टाचेनं मारू नये, चवड्यानं मारावं. चढावर उभं राहू नये, फुप्फुसावर ताण येतो. वारा समोरून असेल तर छाती आत घ्यावी. फोरमन बिचारा तीस वर्षं सायकलवर येणारा. त्याने मिनिटरावांचं ऐकून चवड्यानं पेडल मारायला घेतलं आणि आठवडाभर लंगडला.

हा सगळा तोरा दोनेक महिने चालला असेल. मग एक दिवस त्यांच्या शेजारी राहणारा फिटर चहाच्या टेबलावर सहज म्हणाला, "काही म्हणा, माणूस पहाटेचा. सव्वासहाला घर सोडतो."

टेबलावरच्या सगळ्यांनी बोटांवर हिशेब सुरू केला. सव्वासहा ते सात पस्तीस म्हणजे ऐंशी मिनिटं. त्यातून नोटिशीतली वीस काढा. उरला पूर्ण एक तास.

वीस वर्षं ज्याने आमची मिनिटं वेचली, त्याचा सबंध एक तास आमच्या हाती लागला होता. लग्नातही मी इतका आनंदलो नव्हतो. "एवढा वेळ माणूस एकटा घालवत नाही," असं कुणीतरी म्हणालं. कुणी, ते वर आलंच आहे.

पुढचं काम खात्याने केलं. मिनिटराव हमरस्ता सोडून कालव्याकडच्या जुन्या, निर्मनुष्य रस्त्याने येतात, हे कळलं. त्या रस्त्याने जो कुणी मुद्दाम गेला, त्याला ते दरवेळी एकाच अवस्थेत सापडले: सायकल उभी, आणि हे तिच्या साखळीशी वाकलेले. "साखळी पडली रे. तू हो पुढे."

"नवी कोरी गाडी, आणि साखळी रोज पडते?" वजनकाटेवाला म्हणाला. "आणि पडते ती बरोबर शिवणवालीच्या दाराशी?"

शिवणवाली म्हणजे पुलाजवळ एकटी राहणारी बाई. आमच्या गिरणीचे गणवेश शिवायची. कपडे घ्यायला गेलेल्याने तिला आडून आडून विचारलं. तिने शिलाई मशीनवरून मान वर न करता सांगितलं, "ते होय? पायरीवर बसतात, बूट काढतात, पाणी पितात आणि जातात."

गिरणीत पोचेपर्यंत या साक्षीतलं 'बूट काढतात' एवढंच उरलं.

शहाणा एकच निघाला, फाटकासमोरचा मोची. तो म्हणाला, "तीन महिन्यांत दुसऱ्यांदा तळवे बसवले त्यांच्या बुटांना. तेही टाचेला झिजलेले." पण अशा रंगात आलेल्या गोष्टीत मोच्याचं कोण ऐकतो? आम्ही त्याला गप्प बसवलं.

बातमी मिनिटरावांपर्यंत गेली तेव्हा आम्ही खिडकीआडून बघत होतो. आता चिडणार, लाल पेन फुटेस्तोवर गोल काढणार! कसचं काय. दुसऱ्या दिवशी गृहस्थ केस काळे करून आले. कानाच्या पाळ्याही काळ्या. वजनकाटेवाल्याने मुद्दाम विचारलं, "साहेब, आज साखळी लवकर बसली वाटतं?" तर हे चक्क लाजले! "चालायचंच," म्हणाले आणि शीळ घालत आत गेले. पंचावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, आयुष्यात घड्याळाखेरीज कुणाकडे टक लावून न पाहिलेला माणूस. त्याच्यावर एवढा मोठा आळ आला आणि तो बक्षीस मिळाल्यासारखा मिरवायला लागला.

पण बातमीला फाटक नसतं. ती आमच्या स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोच्या कानावर गेली. बालवाडीत शिकवणारी ती बाई. आवाज कधी चढायचा नाही, पण वर्गातली चाळीस पोरं तिच्या एका भुवईवर गप्प होत.

"अहो, तुमचा एक तास कुठे जातो?" तिने विचारलं.

"रस्त्यात."

"रस्ता वीस मिनिटांचा आहे. तुम्हीच छापलंय."

मिनिटराव सायकलची घंटा पुसायला लागले.

"रविवारी दादा येतोय. त्याच्यासमोर काय ते सांगा. नाही सांगितलंत, तर मी त्याच्याबरोबर जाते. आणि मग मला आणायला येऊ नका."

हे ती बोलली तेव्हा बॅग भरून झाली होती. सव्वीस वर्षांचा संसार. मूलबाळ नाही, घरात माणसं दोनच. आणि ज्याला स्वतःचा रुमाल बायकोने हातात दिल्याशिवाय सापडत नाही, असा हा नवरा. ती गेली असती तर मिनिटराव हजेरी घ्यायला तरी घरातून बाहेर पडले असते की नाही, शंकाच.

रविवारी तिचा थोरला भाऊ आला. पोस्टातून निवृत्त झालेला, मिशीवाला, प्रत्येक वाक्य रजिस्टर्ड असल्यासारखं बोलणारा. वसाहतीत वयाने मोठा म्हणून मलाही बोलावलं. आग लावणाऱ्याला बंबावर बसवायची आपल्याकडे पद्धतच आहे.

"भाऊजी, सरळ विचारतो," भाऊ म्हणाला. "सरळ सांगा. सकाळचा तो तास कुठे असता?"

मिनिटरावांनी कोपऱ्यात उभ्या सायकलकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग घसा साफ केला आणि म्हणाले, "आहे."

"काय आहे?"

"तुम्ही सगळे म्हणता ते. आहे."

भावाची मिशी थरथरली. मला, खरं सांगतो, घाम फुटला. आयुष्यभर मी शेकडो पुड्या सोडल्या, पण आरोपीने स्वतः कबुली द्यावी, असं कधी घडलं नव्हतं.

बायको शांतच होती. तिने एवढंच विचारलं, "नाव काय तिचं?"

मिनिटराव गडबडले. बराच वेळ छताकडे पाहून म्हणाले, "नाव... नाव अजून विचारलेलं नाही."

"नालायक माणूस!" भाऊ ओरडला. "चल गं, उचल ती बॅग. एक क्षण थांबू नकोस!"

ती मात्र दाराशी ठेवलेल्या नवऱ्याच्या बुटांकडे बघत होती. टाचा पुन्हा झिजल्या होत्या. "दादा, आजचा दिवस थांब," ती म्हणाली. "उद्या निघू."

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मिनिटराव सायकल घेऊन गल्लीतून बाहेर पडले. शंभर पावलं मागे ही. गुडघे दुखणारी, पन्नाशीची, पायात साध्या चपला. सायकलवाला नजरेआड झाला की कुणाचं तरी वाहन थांबवायचं, असं ठरवून निघाली होती. तशी वेळच आली नाही. पुलापर्यंत ती सुखाने त्यांच्या मागे गेली, तिथून परत फिरली आणि भावाला एकट्यालाच स्टँडवर पोचवून आली.

"आणि ती बाई?" भावाने विचारलं.

"असू दे," ती म्हणाली.

बॅग रिकामी झाली. मिनिटरावांना काही विचारलं गेलं नाही, काही सांगितलं गेलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी त्यांच्या बुटांत टाचेखाली कापसाची मऊ गादी होती, आणि त्यांना रोज दहा मिनिटं आधी उठवलं जाऊ लागलं.

मिनिटराव पुढे तीन वर्षांनी त्याच लौकिकासह निवृत्त झाले. निरोपसमारंभात फोरमनने भाषणात साखळीचा उल्लेख केला, अख्खं खातं खिदळलं, मिनिटराव लाजले. पहिल्या रांगेत बसलेली त्यांची बायको सगळ्यांत जोरात हसत होती. सायकल आम्ही हार घालून फाटकाबाहेर काढून दिली. 'बसून जा साहेब,' असा आग्रह झाला, तेव्हा त्यांनी साखळी पडल्याचं सांगितलं.

त्यांच्या बायकोने खरं काय ते आमच्या हिला सांगितलं होतं, कुणाला न सांगण्याच्या शपथेवर. हिने ती शपथ संध्याकाळपर्यंत पाळली. मी अकरा वर्षं पाळली. आता ती दोघंही हयात नाहीत, म्हणून सांगतो.

मिनिटरावांना सायकल चालवता येत नव्हती. ते ती हातात धरून रोज चालत कामावर यायचे.