आईनं वरच्या मुलीला सांगितलेलं

आई जगणार नाही हे मला डॉक्टरांनी सांगितलं. आईनं मात्र तिच्या मरणाबद्दल जे बोलायचं ते वरच्या खोलीतल्या भाडेकरू मुलीशी बोलून घेतलं. हे मला अजून सलतं.

ती मुलगी यवतमाळकडची, आयटीत नोकरीला. भुकूमच्या आमच्या घरात दोन वर्षं राहत होती. मी पिरंगुटला खडी-वाळूचा धंदा एकटीनं उभा केला, ट्रकवाल्यांशी घासाघीस करत, शिव्या देत-घेत. आईचं लिव्हर गेलं तेव्हाही तेच केलं. एका डॉक्टरांनी हात टेकले की दुसरे, मग तिसऱ्यांशी भांडण. आई म्हणायची, "मी गेल्याव माझी लुगडी..." की मी ओरडायचे, "गप बस. काय होत न्हाई तुला."

एका रविवारी दुपारी लवकर घरी आले. आईचा आवाज दारातच ऐकू आला.

"मला परत नळ्या लावू देऊ नको. हितंच, ह्या खाटंवर जाऊ दे."

मुलगी तिचे पाय चोळत होती. "आजी, भीती वाटते?"

"एकली असले की वाटती."

आईला भीती वाटते हे मला ठाऊकच नव्हतं. माझं डोकं फिरलं. मुलीला वर पाठवलं आणि आईवर घसरले. "पोटची मी, आन सांगतीस परक्या पोरीला?"

"ती आयकती. तू माझ्या मरणाचापण भाव करतीस."

धंद्यात मला असं कुणी गप्प केलेलं नाही. मी खाटेच्या कडेला बसले. "सांग मला."

नळ्या नकोत. लुगड्यांच्या गोधड्या शिवायच्या. दहाव्याला चुलत्यांशी भांडायचं नाही. मी ऐकत होते, तरी तोंडातून गेलंच, "दिवाळीपातुर तरी थांब."

आई हसली. "केलास ना भाव? अजून एक हाय. ते तिलाच सांगितलंय. तुला सांगून उपेग न्हाई."

मी मुलीला गाठलं. समजावलं, मग खोली खाली करायला लावीन म्हणाले. "आजींना शब्द दिलाय, ताई," एवढंच तिचं उत्तर.

आई दिवाळीआधीच गेली. त्याच खाटेवर, माझ्या हातचं पाणी पिऊन.

तिला पोचवून आलो. घरात चूल पेटलेली नव्हती, भावकीतून पिठलं-भाकरी आली. मी ताट सरकवलं. मुलीनं ते उचलून पुन्हा माझ्यापुढे ठेवलं, शेजारी पाणी आणि माझी बीपीची गोळी.

"हेच सांगितलं होतं आजींनी. तुम्ही चिडाल, तरी हलायचं नाही. आधी चार घास, मग गोळी."

मी जेवले. तिचा रागच येत होता. आईनं शेवटचं काम तिच्यावर सोपवलं होतं, आणि ती ते नीट करत होती. गोळी गिळून मी विचारलं, "तिला भीती कसली वाटायची?"

ती माझ्यासमोर बसली आणि सांगू लागली. मी मध्ये बोलले नाही.