एकच चिंचोका उरला तर

आज अक्कासाठी सार करायला चिंच कोळत होते. गुळगुळीत चिंचोके बोटांतून निसटले आणि धुळ्याच्या घरातली उन्हाळ्याच्या सुट्टीतली एक दुपार आठवली.

अक्का माझी चुलत बहीण, आम्हा भावंडांत सगळ्यात मोठी. बाहेर ऊन मी म्हणत असलं, की पाणी शिंपडलेल्या फरशीवर बसवून ती आम्हाला गोष्टीतल्या जंगलात न्यायची. कुणी राजकन्या, कुणी मांत्रिक. जीव म्हणून प्रत्येकापुढे मूठभर चिंचोके. राक्षस आला की कवड्या टाकायच्या. दान वाईट पडलं की एक चिंचोका गेला.

धाकटा सुनील नेहमी पहिला मरायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. त्या दुपारी त्याच्याजवळ एकच चिंचोका उरला, तसा तो भिंतीकडे वळायला लागला. अक्कानं खेळ थांबवला. "ज्याचा एकच उरला, त्याला मधे घ्यायचं. घाव बाकीच्यांनी झेलायचे. त्यानं नुसती वाट सांगायची."

"असा कुठे नियम असतो का?" मी चिडले.

"आपला घरमा शे," अक्का अहिराणीवर आली. "बठ्ठा घर पोचनूत, तरच जिंकनूत." म्हणजे सगळे घरी पोचलो, तरच जिंकलो.

चिंचोका घामेजल्या मुठीत धरून सुनील सरकत आमच्या मधे आला. मला तो रडीचा डाव वाटला होता.

काल अक्काला दवाखान्यातून घरी आणलं. जिन्यावर ती कठडा धरून थांबली. सुनीलनं तिला आमच्या दोघांच्या मधे घेतलं. दम खात ती हसली, "एकच चिंचोका उरना का मन्हा?"

"तू नुसती वाट सांग," सुनील म्हणाला.