दुसरा घाव

जळगाव-धुळ्याकडच्या ऑर्केस्ट्रांत बास गिटार वाजवणारे आम्ही तिघे महिन्यातून एका रविवारी अमळनेरला भेटायचो. मी जळगावचा. दुसरा अमळनेरातच शाळेत शिक्षक. तिसरे धुळ्याचे नाना, साठीच्या पुढचे. स्टेशनजवळच्या हॉटेलात चहावर चहा व्हायचे आणि नाना सांगायचे, गायकाकडे बघू नको, ड्रमवाल्याच्या पायाकडे बघ. दोन सूर कमी वाजव. बोटं सोलली तर हळद लाव, पण वाजवणं सोडू नको.

एका वर्षी यावलजवळच्या एका गावात लग्नाचा कार्यक्रम होता. भर दुपारची वेळ, केळीच्या बागेला लागून मांडव. नवऱ्याच्या मित्रांनी एकच गाणं तिसऱ्यांदा मागितलं. नवरीच्या चुलतभावांनी नको म्हटलं. कुणीतरी कुणाच्या तरी कानाखाली वाजवली आणि क्षणात खुर्च्या उडायला लागल्या. एक खुर्ची आमच्या ड्रमवाल्याच्या कपाळावर बसली. तो डोकं धरून खाली बसला, बोटांतून रक्त गळत होतं. म्हाताऱ्या बायका मांडवाच्या कापडाखालून सरपटत बाहेर पडत होत्या.

तेवढ्यात एक माणूस स्टेजवर चढला. त्याने आमच्या गायिकेचे केस मुठीत धरले आणि तिला फरफटत कडेपर्यंत नेलं. मी गळ्यातला पट्टा काढला, गिटार दांड्याकडून धरली आणि त्याच्या कानावर घातली. वायर लावलेलीच होती. तो घाव सगळ्या स्पीकरमधून घुमला. तो माणूस गुडघ्यावर आला, गायिका सुटून मागे पळाली. इथे मी थांबायला हवं होतं. तो हात वर करून माझ्याकडे बघत होता आणि मी पुन्हा मारलं.

त्याच्या कानातून रक्त यायला लागलं. पोलीस आले, जबाब झाले. पुढे दोन्ही घरच्यांनी आपसांत मिटवलं आणि माझ्यावर तक्रार झाली नाही.

भेटीच्या पुढच्या रविवारी मी गिटार दुरुस्तीला म्हणून अमळनेरला नेली. शिक्षक मित्र म्हणाला, "बाईमाणसाला वाचवलंस, बरोबर केलंस." नाना गिटारवरून अंगठा फिरवत होते. लाकूड दोन जागी फुटलं होतं.

"दोन डाव मारं तू त्याले?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

"हो, दोनदा," मी म्हणालो.

"दुसरा कसाले?"

दुसरा का मारला ते सांगायचं सोडून मी फुटलेल्या लाकडाकडे बघितलं. नानांनी कप खाली ठेवला. "मी बी मारेल शे एकले," ते म्हणाले. एका मिरवणुकीत बँडवर दगड आले, तेव्हा त्यांनी एका पोराला माइकच्या लोखंडी स्टँडने मारलं होतं. पोरगा पळून गेला. तो जगला की मेला हे नानांना कधी कळलं नाही. "मी शोधं नही. तू जाईसन ये त्यानाकडे."

आठ दिवसांनी मी यावलची एसटी धरली आणि लग्नाच्या त्या गावात विचारत त्या माणसाचं घर गाठलं. तो ओसरीवर बसला होता, उजव्या कानावर पट्टी. बायकोने मला पाणी दिलं. मी कोण ते सांगितल्यावर तिने पेला हातातून काढून घेतला.

"या कानाने आता ऐकू येत नाही," तो म्हणाला. "मी प्यायलो होतो. त्या बाईचे केस ओढले, पहिला मार माझा हक्काचा. पण मी हात वर केले होते ना?"

"केले होते."

"मग?"

"तेव्हा मला मारावंसं वाटलं," मी म्हणालो. "भीती वगैरे नव्हती. बरं वाटलं मारताना."

त्याने कानावरची पट्टी चाचपली. मग म्हणाला, "माझा भाऊ शेतातून यायच्या आत निघा."

पण भाऊ वाटेतच भेटला; मी आल्याचं त्याला कुणीतरी कळवलं होतं. मोटारसायकल आडवी टाकून त्याने माझी गचांडी धरली. पहिल्या ठोशातच ओठ फाटला, दुसऱ्याने मी खाली पडलो. त्याने पोटात लाथ घातली. मी हात उचलला नाही. मागून कानाला पट्टी बांधलेला तो बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चालत आला आणि भावाला म्हणाला, "बस झालं. सोड त्याला."

भावाने सोडलं. एसटीत सगळे माझ्या शर्टावरच्या रक्ताकडे बघत होते. यावल सुटल्यावर मी नानांना फोन लावला.

"गयथा का?"

"गेलो होतो."

"काय म्हने तो?"

ओठ सुजल्यामुळे मला नीट बोलता येत नव्हतं. मी हळूहळू सगळं सांगितलं. शेवटी नानांनी विचारलं, त्या मिरवणुकीतल्या पोराचा शोध आता इतक्या वर्षांनी लागेल का.