कानातला फाया

दवाखान्यातून जाताना माणूस औषधाची बाटली घेऊन जातो आणि किस्सा आमच्याकडे ठेवून जातो! बुलढाण्याच्या दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा असे ढीगभर साठले. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. बाटल्यांवरची अक्षरं जुळवत इंग्रजी शिकले. कुणाला हसायचं असेल तर समोर येऊन हसावं!

*

आमच्या डॉक्टरसाहेबांना एक खोड. तापाचा कोणीही येवो, आधी त्याच्या कानात डोकावायचे. एक म्हातारबा भडकले, “ताप अंगात हाये, अन् तुमी कानात काय पाहून राह्यले?”

साहेब म्हणाले, “बाबा, चोर घरात शिरला की आधी दार पाहतात!”

*

कंपाउंडर रामभाऊ हिवतापावरच्या क्विनाईनचे भक्त. कोणी कुडकुडला की पाज क्विनाईन! एकदा हिवाळ्यात मी काकडत आले, तर कडू पेला माझ्याहीपुढं!

म्हटलं, “रामभाऊ, पेला ठेवा, घोंगडी द्या!”

*

कान दुखला की लोक लसणाचं तेल ओतत. एका पाटलांनी इतकं ओतलं की मान कलती करताच साहेबांचा कोट भिजला.

साहेब म्हणाले, “पाटील, वात कुठंय? दिवाच लावू!”

*

साखरखेर्ड्याकडची गोदा आली, तिचं लग्न ठरलेलं होतं. हुडहुडी भरून ताप, मग घामाच्या धारा, आणि डोकं फुटतंय म्हणून ओरडायची. क्विनाईननं काही उतार पडेना.

साहेब म्हणाले, “हिवताप वेळ पाळतो. हा कचेरीतल्या बाबूसारखा, वाटेल तेव्हा येतो, वाटेल तेव्हा जातो!” मग कान पाहिला. आत हिन्याच्या अत्तराचा फाया! तो काढताच पू आला. कानामागंही सूज होती.

“काऊन लपवलं?” मी तिच्या आईवर ओरडले.

“वास येते ना बाई! वाहत्या कानाची पोरगी कोन करील?”

साहेबांनी सांगितलं, “कानामागच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी धरली आहे. आजच हाड उघडलं नाही, तर पोरगी हातची जाईल.”

अर्धं डोकं भादरून ऑपरेशन झालं. गोदा वाचली. पण शुद्धीवर येताच रडायला लागली, “आता सासू काय म्हनंल?”

सासू आलीच. तिच्याआधी हिन्याचा घमघमाट आला! तिनं गोदाचं भादरलेलं डोकं पाहिलं. आईनं हात जोडले. मी खाटेपुढं उभी राहिले, “काय बोलायचं ते माझ्याशी बोला!”

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पदर सारला, स्वतःच्या कानातला फाया ओढून काढला आणि साहेबांपुढं बसली.

“सूनबाईचं झालं ना साहेब? आता माहा कान पाहा!”